होटगीच्या शिवारात पुरलेला उजवा पाय

सिपोराताईंवर अन्याय झाला तो १९७४ च्या जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, होटगीच्या रेल्वे फाटकाजवळच्या एका खोलीत. करणारे पाच जण होते. पाचही आपल्या बेने इस्राएल समाजातले, सज्जन, शनिवारचा शब्बाथ पाळणारे. त्यांच्यापैकी एकानेही आवाज चढवला नाही. मी तिथे होते. माझ्या मांडीवर पत्र्याची एक पेटी होती आणि पेटीत चामड्याचा एक जोडा होता. जोडा म्हणायचं खरं, पण तो एकच होता, उजव्या पायाचा.

तुमच्यातले बहुतेक जण सोलापूरला कधी गेलेले नाहीत, तिथे आपली पाच-सहा घरं आहेत हेही तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

रविवार, सोलापूर

पुण्याहून आम्ही दोघं निघालो. मी हन्ना, बायकांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारी आणि चौकात उभी राहून वाटणारी. आणि शिमोनकाका, मुंबईच्या एका मशिदीत (आपण प्रार्थनालयाला मशीदच म्हणतो) तीस वर्षं प्रार्थना चालवून निवृत्त झालेले हज्जान. काकांच्या हातात छत्री होती, माझ्या हातात पेटी. "तू धर," ते म्हणाले, "माझे हात कापतात."

पेटीतल्या जोड्याचं काम काय, ते इथेच सांगून टाकते. आपल्या धर्मशास्त्रात मूल न होता नवरा वारला तर बाई मोकळी होत नाही. ती दिराला बांधलेली राहते. दिराने तिच्याशी लग्न तरी करावं, नाहीतर पंचांसमोर तिला सोडावं. सोडण्याचा विधी असा: दिराच्या उजव्या पायात खास शिवलेला जोडा चढवायचा. बाईने उजव्या हाताने त्याचे पट्टे सोडायचे, जोडा काढून भिरकावायचा, दिरासमोर जमिनीवर थुंकायचं आणि नेमून दिलेली वाक्यं म्हणायची. मग पंच तीनदा म्हणतात, "जोडा सुटला." बाई मोकळी. याला हलित्सा म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांना हा शब्दही माहीत नव्हता. आता माणसं इस्राएलला जाऊ लागली, तिथे लग्नाच्या कचेरीत विधवेकडे कागद मागतात, म्हणून आपल्याला एकदम शास्त्र आठवलं.

सिपोराताईंचा नवरा दानिएल रेल्वेत गार्ड होता. विषमज्वराने गेला. मूल नाही. ताई महापालिकेच्या शाळेत शिकवतात, वय एकोणतीस. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात अरोन नावाचे एक फिटर आहेत, त्यांना ताईंशी लग्न करायचं आहे. अरोनची आई आणि भाऊ इस्राएलमध्ये बेरशेबाला गेलेत, मागे हाच राहिलाय. कागद मिळाला की लग्न, लग्न झालं की प्रवास. दानिएलला एकच भाऊ, रहमिम. त्याला मी तीन पत्रं घातली. तिन्हींना एकच उत्तर आलं: "तुमी म्हणाल तवा. मी तयार हाय."

स्टेशनवर हमालाने पेटी उचलली, आत काहीतरी गडगडलं. "काय हाय ह्यात, ताई?"

"जोडा."

"एकच वाजतोय की! दुसरा कुटं ठिवला?"

काका पुढे चालत राहिले. हमाल हसला, पण पेटी त्याने डोक्यावरून उतरवून हातात घेतली आणि अंगापासून लांब धरली.

ताईंची खोली नवी पेठेच्या मागच्या बोळात, एका तेलुगू विणकराच्या घरात वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर मागाचा खडखडाट. दाराच्या चौकटीवर आपली मेझुझा, शास्त्रवचनाची डबी, ठोकलेली, आणि ती तेलाने काळी पडलेली. "घरमालकीण जाता-येता हात लावून डोळ्यांना लावते," ताई म्हणाल्या. "तिची मुलं पास झाली तेव्हा हळदही लावली होती. मी काय बोलू?"

जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांगं. आपल्याकडे नारळाच्या दुधाशिवाय पान हलत नाही, सोलापुरात नारळ देवळापुरता. आम्ही आलो म्हणून एलियाहू नबीच्या नावाने ताईंनी मलिदा केला होता, तोही शेंगदाण्याचा कूट घालून. काकांनी भुवया उंचावल्या, मग दोनदा मागून घेतला.

दुपारी काका त्यांना वाक्यं शिकवायला बसले. हिब्रू शब्द देवनागरीत लिहून दिलेले. एका ठिकाणी 'लो आवा' असं येतं, 'त्याची इच्छा नाही.' ते एका दमात म्हणायचं. मध्ये श्वास घेतला तर 'नाही' तुटतं आणि उलटा अर्थ होतो. ताई पंचवीस वेळा म्हणाल्या. मग थुंकायचा सराव. ती थुंकी पंचांना दिसली पाहिजे. ताई गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन थुंकत होत्या आणि काका चष्मा वर करून बघत होते. "थोडी आणखी, पोरी." खालून घरमालकीण ओरडली, "टीचरबाई, वकार्‍या होत्यात काय? लिंबू देऊ?"

आम्ही तिघंही हसलो. तेवढंच काय ते हसणं त्या प्रवासात.

जोडा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. काळं मऊ चामडं, चामड्याच्याच दोऱ्याने शिवलेलं, खिळा एकही नाही, वर लांब पांढरे पट्टे. आकाराने मोठा, कुणालाही बसेल असा. आत पायांचे ठसे उठलेले, एकावर एक. कितीतरी दिरांनी तो घातला असेल, आणि प्रत्येकाने दहा पावलं चालण्यापुरताच. आयुष्यात रस्ता न पाहिलेला जोडा. मी पेटीत ठेवला तेव्हा त्याचं टोक भिंतीकडे होतं. संध्याकाळी काकांनी पेटी उघडली तर ते दाराकडे होतं. पेटी कुणीतरी हलवली असणार. मी अंधश्रद्धेवरही पत्रकं लिहिते, त्यामुळे एवढंच म्हणेन.

सोमवार, होटगी

सकाळी पॅसेंजरने आम्ही तिघं होटगीला गेलो. थंडी चांगली होती. काकांना आधी दानिएलची कबर पाहायची होती. ज्याच्या नावाने विधी करायचा, त्याला सांगून करावा, असं त्यांचं म्हणणं. पेटी खोलीवर ठेवायला ते तयार नव्हते, म्हणून ती माझ्या हातातच.

आपलं कबरस्तान गावापासून वीस मिनिटं, ज्वारीच्या शेतांमध्ये. कुंपण नाही. दोन बाभळी आणि अकरा दगड. ज्वारी माणसापेक्षा उंच, हुरड्यावर आलेली, आणि वारा नसताना मधूनच एका रेघेत हलायची. काका म्हणाले कुत्रं असेल. कुत्रं काही बाहेर आलं नाही.

दानिएलचा दगड साधा. त्याच्याशेजारी आणखी एक कबर होती, जेमतेम हात-दीड हात लांब. वर एक अरुंद दगड, तेल पिऊन काळाभोर झालेला, लिंबाची वाळलेली फोड, हळदीची बोटं. मी पेटी त्या दगडावर टेकवली आणि घाम पुसला.

काकांनी ती छोटी कबर पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सिपोरा," ते म्हणाले, "हे बाळ आहे? तुझं? नवऱ्याच्या मागे एक तास जरी जगलं असलं तरी पुरे. मग हलित्साच नको! तू मोकळीच आहेस, पोरी! बोलली का नाहीस?"

ताई खाली बघत होत्या. "बाळ नाही ते, काका."

"मग?"

"भावजींचा पाय आहे."

दानिएल हयात असताना रहमिम होटगी स्टेशनवर सांधेवाला होता, रूळ बदलणारा. डबे सोडवताना घसरला, उजवा पाय चाकाखाली गेला, आणि डॉक्टरांनी मांडीपासून कापला. आपल्यात अवयवही मातीला द्यायचा असतो, म्हणून दानिएलने तो धोतरात गुंडाळून इथे आणला, खड्डा खणला, प्रार्थना म्हटली. दोन वर्षांनी तो स्वतःच शेजारी येऊन पडला. बायकोला मोकळं करू शकणारी जगातली एकच वस्तू त्याने आपल्या हाताने पुरून ठेवली होती.

काका त्या अरुंद दगडापाशी वाकले. "मांडीपासून? गुडघ्याच्या वर?"

"हो."

"लिहिलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही की! मला वाटलं लाकडी पायात चढवतील."

आता हे मलाच सांगितलं पाहिजे. काकांनी दिराबद्दलच्या प्रश्नांची यादी मला दिली होती, ताईंना आणि रहमिमला पाठवायला. बाप एकच ना, ऐकू येतं ना, बोलता येतं ना. सातवा प्रश्न होता: 'उजवा पाय धड आहे काय?' तो मी खोडला. घोडा विकत घेतोय का आपण, असं मला वाटलं. माणसाच्या अपंगपणाची चौकशी करायची नाही, हे आमच्या बायकांच्या गटाचं धोरण. धोरणापायी मी चार पंचांना कामावरून रजा घ्यायला लावली आणि एका बाईला आशा.

मी ते तिथेच कबूल केलं. "हन्ना," काका म्हणाले, "शास्त्रातला प्रश्न तू खोडतेस? तू?"

तेवढ्यात ज्वारीतून एक म्हातारी आली. गंगव्वा, शेत राखणारी. पदरात भाजलेला हुरडा. माझ्या पेटीकडे बोट दाखवून ती कानडीत चिडून काहीतरी बोलली. ताईंनी सांगितलं, "म्हणतेय, पायावर वजन ठेवू नका, दुखेल."

मी पेटी झटकन उचलली. मग कळलं, आसपासच्या बायका गुडघेदुखीला इथे तेल घालतात. गंगव्वा स्वतः दर सोमवारी. "लई गुण हाय," ती मला मराठीत म्हणाली आणि आपली पोटरी थोपटली. "ह्यो कालु, ह्यो पाय, कुनाला न्हाय म्हनत न्हाय."

बाजूला अख्खा दानिएल पडलेला. त्याच्या दगडावर तेलाचा थेंब नव्हता.

मंगळवार

सोमवारी परत आल्यावर काका रात्रीपर्यंत पुस्तकं चाळत होते. पंच बोलावलेच होते, दोघं सोलापूरचे, दोघं कुर्डुवाडीचे, पाचवे स्वतः काका. निदान पाय डोळ्यांनी पाहू, मग ठरवू, असं ठरलं.

रहमिम आता फाटक सांभाळतो. खोलीत खाट, चूल, हिरवा-लाल कंदील, आणि भिंतीला टेकवलेला लाकडी पाय. माणूस हसरा, तिशीच्या आतला. आम्हाला बघून कुबड्या घेऊन उठला. "या, काका. वैनी, बसा. उपास हाय न्हवं तुमचा? म्हून चहा इचारत न्हाय." विधी होईपर्यंत बाईने खायचं नसतं.

मग तो माझ्याकडे वळला. "जोडा तुमच्याकडं हाय व्हय, ताई? काल कुटं ठिवला हुता?"

"का?"

"न्हाय, सकाळच्या पारी पायावर कायतरी जड आल्यागत झालं. ह्या न्हाय, त्या." त्याने रिकाम्या धोतराकडे हात केला. "मला कळतंय सगळं त्याचं. पाऊस पडला की भिजतोय. बाया तेल घालतात तवा बरं वाटतं. काल मातूर अंगठा आवळला, जोडा घातल्यावानी. मी म्हनलं, झालं वाटतं हलित्सा माज्याबिगर!"

काल सकाळी पेटी कुठे होती ते त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं. डॉक्टरमंडळी म्हणतात, कापलेला अवयव जाणवत राहतो. ठीक आहे. वेळ कशी जुळली, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

पाच जणांनी मांडी पाहिली. काकांनी पुस्तक उघडून वाचलं: गुडघ्याखाली बांधलेला जोडा चालतो, गुडघ्यावर बांधलेला चालत नाही. लाकडाला दिराचा पाय म्हणता येत नाही. चौघांनी माना डोलावल्या. पावणेअकरा वाजले होते.

"मग मी काय करू?" ताईंनी विचारलं.

काका हळू म्हणाले, "एकच वाट राहते. रहमिमने तुला करून घेणं."

रहमिमच्या हातातली कुबडी पडली. "काका, तोंड आवरा! पाय गेला तवा दोन म्हैनं ह्या बाईनं मला घास भरवलाय. आई हाय ती माजी. आईशी लगीन लावता व्हय?"

"मी सांगत नाही रे. लिहिलंय ते वाचतोय."

"मग म्हातारी हुईस्तवर बसू दे तिला?"

काकांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी मुद्दाम लिहिते. अन्याय करणारा माणूस दुष्ट असावा लागत नाही, हे मला त्या खोलीत कळलं आणि त्याचा मला जास्त राग आला.

सिपोराताई उठल्या. माझ्या मांडीवरून त्यांनी पेटी उचलली आणि चालू लागल्या. फाटकातून, रूळ ओलांडून, ज्वारीत शिरल्या. "वैनी!" म्हणत रहमिम कुबड्यांवर निघाला. मग मी. मग पंच, कारण पेटी मशिदीची होती.

आम्ही पोचलो तेव्हा ताई त्या छोट्या कबरीशी गुडघे टेकून बसल्या होत्या. जोडा त्यांनी दगडाच्या खालच्या टोकाला चढवला होता. तेलकट दगड, जोडा असा बसला की त्याच मापाचा शिवला असावा. पट्टे तीनदा गुंडाळले, गाठ मारली. ऊन डोक्यावर येत होतं. ज्वारी एकदम स्तब्ध झाली. पाखरं हाकणारी गंगव्वाची गोफण थांबली होती.

"सिपोरा, याला अर्थ नाही," काका म्हणाले. "हे मानलं जाणार नाही."

ताईंनी वाक्यं म्हणायला सुरुवात केली. आवाज शाळेतला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. 'लो आवा' एका दमात म्हटलं. मग उजव्या हाताने गाठ सोडली, टाच धरली आणि जोडा ओढला.

मी पाहिलं तेच लिहिते. रहमिम माझ्या पलीकडे, कबरीपासून दहा पावलांवर, दोन कुबड्यांवर नीट उभा होता. जोडा दगडावरून निघाला त्या क्षणी तो उजवीकडे कोसळला. पुढे नाही, मागे नाही, उजवीकडे, पाय ओढल्यासारखा. ताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. जोडा भिरकावला, तो बाभळीच्या बुंध्यावर आपटला. मग त्या थुंकल्या. पाचही जणांना दिसली ती थुंकी.

आता पंचांनी तीनदा म्हणायचं होतं. चौघं बुटांकडे बघत होते, काकांचे ओठ हलले आणि थांबले.

जमिनीवरून, मातीतून रहमिम म्हणाला, "जोडा सुटला." कोपरावर उठला. "जोडा सुटला." मग ओरडून, "जोडा सुटला की! आयकू येत न्हाय का तुमाला?"

बांधावरून गंगव्वाने विचारलं, "निगालं का ग यव्वा?"

"निघालं," ताई म्हणाल्या, आणि तिच्या पदरातला मूठभर हुरडा घेऊन तोंडात टाकला. सकाळपासूनचा उपास त्यांनी तिथे सोडला.

काकांनी कागदावर सही केली नाही. चौघांनीही नाही. काका जोडा उचलून फडक्याने पुसत राहिले. आतपर्यंत तेल गेलं होतं. "आता हा दुसऱ्या कुणाला वापरता येईल का," ते पुटपुटले, "विचारावं लागेल." दुपारच्या पॅसेंजरने ते गेले. गाडीत चढताना ताईंच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

मी दोन दिवस राहिले. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहत होते. अरोन कुर्डुवाडीहून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मग इथेच राहू. आईला पत्र लिहितो." ताईंनी विचारलं, "नक्की? पुढे मुलांना कुणी नावं ठेवली तर?" ते म्हणाले, "मुलं होऊ देत तर आधी." खाली माग चालू होते.

तर लग्न ठरलं आहे. पुरीमच्या सणानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, नवी पेठेच्या मागच्या बोळात, विणकराच्या गच्चीवर. आशीर्वाद म्हणायला अरोनचे चुलते येतील. पण लग्नाच्या चांदव्याखाली तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे सहा आहेत, त्यातला पहिला रहमिम. सोलापूरचे आणि कुर्डुवाडीचे ते चौघे पंच येणार नाहीत. मी बाई, माझी गणती नाही. साक्षीदारांची नावं लग्नाच्या कराराखाली लिहिली जातील, आणि उद्या तुम्ही इस्राएलला गेलात तर तिथल्या कचेरीत कुणीतरी ती वाचून तुम्हाला जाब विचारेल. हे लपवून मी कुणाला बोलावणार नाही.

तरीही, हे वाचणाऱ्या तेरा वर्षांवरच्या पुरुषा, तुलाच विचारते आहे, तुझ्या भावाला किंवा मामाला नाही. चार जागा रिकाम्या आहेत. कोणत्या गाडीने येतोस ते कळव, मी स्टेशनवर उभी राहते.